पडणे आणि पाडणे : गर्भिणीवरील पतिकृत हिंसा आणि मराठीची साक्ष

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे २०१८ साली उजेडात आलेला वीरगळ कन्नड लिपीच्या अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटतो. काळ इ. स. ७५० च्या सुमाराचा, राज्य गंग नृपती श्रीपुरुषाचे. रट्टवाडीची चाल आली असता कित्तय्य नावाचा वीर लढता लढता पडला, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. कोण पडला, कोणाशी लढताना पडला, कोणाच्या राज्यात पडला, हे सारे दगडाने नोंदवून ठेवले आहे. त्याच शहराच्या दुसऱ्या बाजूस, कोरमंगल येथे, केंपेगौडाची सून लक्ष्मम्मा हिचे स्मारक आहे. तिच्याविषयीची दंतकथा सर्वश्रुत आहे. किल्ल्याचा दरवाजा उभारावा आणि तो ढासळावा, असे पुन्हा पुन्हा होऊ लागले; गर्भवतीचा बळी दिल्यावाचून तो टिकणार नाही असे ठरले; सासऱ्याची अडचण ओळखून गरोदर सुनेने रात्री स्वतःच आपले मस्तक उतरवले, आणि दरवाजा उभा राहिला. या कथेला इतिहासाचा आधार शोधीत बसण्यात अर्थ नाही. लक्ष वेधून घेते ती तिची रचना. गर्भिणीच्या मरणाला कोणी तरी कर्ता हवा होता. कथेने तो मान तिलाच दिला. सासरा, नवरा, गवंडी, ज्योतिषी यांपैकी कोणाचाही हात तिला लागत नाही.

गरोदरपणात आणि बाळंतपणाच्या आगेमागे नवऱ्याकडून स्त्रीला होणारी मारहाण हा विषय वैद्यक, कायदा आणि समाजशास्त्र यांच्या कक्षेतला मानला जातो. तो तसा आहेही. परंतु त्या तिन्ही शास्त्रांच्या हाती जी सामग्री येते ती अखेर वाक्यांच्या रूपाने येते. रुग्णालयातील केसपेपरवर, पंचनाम्यात, शेजारणीच्या जबानीत, ओवीत वा आत्मचरित्रात कोणी तरी काही तरी सांगितलेले असते. त्या वाक्यात कर्ता कोणता आणि क्रियापद कोणते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. प्रस्तुत लेखात मराठीपुरता तो विचारून पाहावयाचा आहे.

मराठीत ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे आणि ‘पाडणे’ हे त्याचे सकर्मक रूप. गर्भपाताला बोलीत ‘पोट पडणे’ म्हणतात. त्याचेच ‘पोट पाडणे’ केले की मात्र अर्थाची सारी हवा बदलते. ‘पोट पाडले’ या वाक्याचा कर्ता कोण, असे कोणत्याही मराठी भाषकाला विचारावे. तो त्या स्त्रीचे नाव घेईल, फार तर एखाद्या सुईणीचे किंवा वैदूचे. लाथेने पोट पडले तर लाथ मारणाऱ्याने ‘पोट पाडले’ असे म्हणण्यास व्याकरणाची काहीच हरकत नाही. तरीही तसे सहसा म्हटले जात नाही. तेथे भाषा अकर्मकाचा आश्रय घेते. ‘जिन्यावरून पडली’, ‘न्हाणीत पाय घसरला’, ‘दिवस भरले नव्हते, पोट पडले.’ नवरा वाक्याबाहेरच राहतो. (जाता जाता एक नोंद : ‘वार’ हा शब्द पुल्लिंगी असता घाव, आणि स्त्रीलिंगी असता गर्भाचे पोषण करणारा तो अवयव, जो प्रसूतीनंतर ‘पडतो’. पोटावरच्या आघाताने वार गर्भाशयापासून अकाली सुटते आणि आई व मूल दोघेही रक्तस्रावाने दगावू शकतात, हे वैद्यक सांगते. दोन शब्दांचा हा शेजार केवळ योगायोगाचा आहे. त्यातून व्युत्पत्ती काढण्याचा मोह टाळावा.)

‘सासुरवास’ या शब्दाकडेही याच दृष्टीने पाहता येते. सुनेच्या छळाला इतका नेमका शब्द असणे ही भाषेची श्रीमंतीच म्हणावयाची. परंतु सासुरवासाची मूर्ती डोळ्यांपुढे आणली की दिसते ती सासू, मग नणंद, मग जाऊ. हात उगारणारा नवरा त्या घोळक्यात विरघळून जातो. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ज्या लक्षावर ओव्या गोळा केल्या, त्यांत नवऱ्याच्या जाचाच्या ओव्या आहेतच. तथापि भाऊ, आई, बाप आणि लेकरे यांना ओवीने जी ऐसपैस जागा दिली, ती नवऱ्याला दिलेली नाही. हे मौन प्रेमाचे, संकोचाचे की भीतीचे, याचा निवाडा सरसकट करता येणार नाही. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री ज्या घरात गात होती त्याच घरात तो निजलेला होता, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

गर्भिणीला जपण्याविषयी आपली परंपरा उदासीन होती, असे मात्र कोणी म्हणू नये. सुश्रुताने गर्भवतीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आणि तिच्या इच्छा डावलल्या तर अपत्यात व्यंग येते असे सांगितले. आपल्या ‘डोहाळे’ या शब्दाचे मूळ याच कल्पनेत आहे. डोहाळजेवण, ओटीभरण, पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल, बाळंतिणीचा सव्वा महिना, बाळंतविडा ही सारी व्यवस्था गर्भिणीभोवती एक कुंपण घालते. कर्नाटकातही सीमंत आहे, आणि तेथली ‘बाणंति’ ही आपल्या बाळंतिणीची सख्खी बहीणच. परंतु त्याच सुश्रुताच्या निदानस्थानात मूढगर्भाची कारणे सांगताना जी यादी येते ती मुळातून पाहावी. प्रवास, प्रस्खलन, प्रपतन, प्रपीडन, अभिघात : अडखळणे, पडणे, दाबले जाणे, मार लागणे, अशी ही भाववाचक नामांची माळ आहे. अभिघात होतो हे वैद्याला पक्के ठाऊक होते. अभिघात कोणी केला हे विचारणे त्याच्या शास्त्राचे काम नव्हते. संस्कृत समासाची ही सोय मराठी बोलीने अकर्मक क्रियापदाच्या वाटेने उचलली, असे म्हणावयास हरकत नसावी.

माहेरी जाण्याच्या चालीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. तिचे कौतुक नेहमी भावनेच्या अंगाने होते. ती एक संरक्षक संस्था होती ही गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. सातव्या महिन्याच्या सुमारास मुलगी सासरच्या घरातून उचलली जाई आणि मूल काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे होईपर्यंत परत पाठवली जात नसे. म्हणजे सर्वांत नाजूक काळात नवऱ्याच्या हातापासून आणि शय्येपासून तिला अंतर मिळे, आणि तेही कोणावर कसलाही आरोप न करता. चालीचे शहाणपण येथे आहे आणि तिची मर्यादाही येथेच आहे. आरोप न करता संरक्षण देणारी व्यवस्था ज्यापासून संरक्षण द्यावयाचे त्याचे नाव कधी घेत नाही. शिवाय पहिले सहा महिने, दुसरे-तिसरे बाळंतपण, माहेर गरीब असलेली वा माहेर उरलेच नाही अशी स्त्री, हे सारे या कुंपणाबाहेर राहते. मुलगी झाली म्हणून बाळंतीण परतताच तिचे जे स्वागत होते, तेही बाहेरच. आज हेब्बाळसारख्या वस्तीतल्या सदनिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्याच्या घरी बाळंतपणासाठी बहुधा मुलीची आईच येऊन राहते. रुग्णालय जवळ, रजा थोडी, प्रवास नको, ही कारणे रास्तच आहेत. परंतु त्यामुळे माहेर जावयाच्या छपराखाली आले आहे, आणि जावयाच्या घरात सासूने किती बोलावे याचे संकेत अजून जुनेच आहेत.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्राने गर्भ आणि बाळंतपण यांविषयी पहिल्यांदा चारचौघांत बोलावयास सुरुवात केली. परंतु ती चर्चा विधवेची होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली (ती पुढे कमी झाली), आणि त्यावर उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ताराबाईंचा सारा त्वेष एका प्रश्नाभोवती फिरतो. या कृत्यात पुरुषाचा भाग कोठे गेला? व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर त्या गाळलेला कर्ता परत मागत होत्या. विधवेच्या बाबतीत हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. सवाष्णीच्या बाबतीत तो विचारण्याची कोणाला गरज भासली नाही, कारण तिच्या गर्भाचा धनी ठाऊक होता आणि धन्याला जाब विचारावयाचा नसतो.

कायद्याने हा कर्ता ओळखला नव्हता असे नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात घडवून आणणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती (कलम ३१३), आणि त्याच्या आधीच्याच कलमात स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार ठरवली होती. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ८८ व ८९ म्हणून कायम आहे. परंतु संतापाच्या भरात मारलेल्या लाथेमागे गर्भपाताचा हेतू होता हे कोण आणि कसे सिद्ध करणार? पतीच्या क्रूरतेला स्वतंत्र गुन्हा मानणारे कलम ४९८अ यावयास १९८३ साल उजाडले, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या अधिनियमाची अंमलबजावणी ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यापुरता ‘बलात्कार’ या शब्दात पतीने केलेल्या बलात्काराचा समावेश केला. तो दंडनीय मात्र आजही नाही. अर्थात या बाबतीत बळजबरीने राहिलेला गर्भ हाच हिंसेचा पहिला पुरावा असतो.

आता ज्या स्त्रीचे नाव या विषयात सहसा घेतले जात नाही, परंतु घ्यावयास हवे, तिच्याकडे वळतो. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा, विवाह नवव्या वर्षी, पती गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने वारल्या. त्यांनी अमेरिकेतून पतीला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंविषयीच्या आपल्या अभ्यासात त्याकडे विशेष लक्ष वेधले. तुमची वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणे कठीण, असे म्हणून आनंदीबाई त्यात हिशेबच मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी पुस्तके आणि खुर्च्या अंगावर फेकणे, पुढे सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा, असे वर्षवार टाचण त्यात आहे. हेतू पाहता हे योग्य असेल. त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला ते फार होते, असा त्यांचा अभिप्राय आहे.

चौदावे वर्ष! या परिच्छेदात गरोदरपणाचा उल्लेख नाही, आणि नसलेले त्यात वाचू नये. परंतु ज्या वयाच्या शिक्षा त्या नोंदवतात, ते त्यांच्या बाळंतपणाचेही वय होते. आनंदीबाईंची कथा आपण दोन वेगळ्या पेट्यांत ठेवतो. मारहाण ‘शिक्षणाच्या ध्यासा’च्या पेटीत जाते, मुलाचा मृत्यू ‘डॉक्टर होण्याच्या प्रेरणे’च्या पेटीत. काशीबाई कानिटकरांच्या १८८९ च्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीपर्यंत आणि त्यावरून आलेल्या नाटक-चित्रपटांपर्यंत गोपाळरावांचा विक्षिप्त कडकपणा कोणी लपवलेला नाही. तरीही दोन्ही पेट्या एकाच कोवळ्या देहाच्या आहेत, ही गोष्ट ठळक होत नाही. मारणाऱ्याचा हेतू उदात्त असला की मार ‘शिस्त’ ठरतो, हे एक कारण. दुसरे असे की चौदा वर्षांच्या मुलीला मूल होणे ही गोष्टच त्या काळात हिंसेच्या सदरात मोडत नव्हती. संमतिवयाचा कायदा आला तो १८९१ साली, आणि त्यानेही वयोमर्यादा दहावरून बारा एवढीच नेली. आनंदीबाईंनी पदवीसाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. प्राचीन ग्रंथांतील गर्भिणीच्या जपणुकीची ती भाषा त्या परक्या देशात बसून मांडीत होत्या. प्रबंधाला ती भाषा पुरली. स्वतःच्या घराविषयी लिहिताना त्यांना पत्र लिहावे लागले. त्या पत्रातील वाक्यांना कर्ता आहे, आणि तो द्वितीय पुरुषी आहे. माझ्या मते आधुनिक मराठी स्त्रीलेखनातील हा एक निर्णायक क्षण आहे, आणि तो वाङ्मयेतिहासात अद्याप नीट नोंदवला गेलेला नाही.

शतकभराने बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) मध्ये महार वस्तीतील बाळंतपणाची जी वर्णने आली, ती मराठीत तोवर आली नव्हती. अल्पवयीन बाळंतीण, तिची उपासमार, अडाणी उपचार, आणि पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा या साऱ्यांत समूहाचे दुःख आहे आणि कर्तेही समूहरूप आहेत. लेखिकेला स्वतःला पतीचा मार खावा लागला, ही गोष्ट मात्र पुस्तकात ठळकपणे येत नाही. ती बाहेर पडली इंग्रजी अनुवादाच्या वेळी माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. तेव्हा २००८ साल उजाडले होते. याला कोणी लेखिकेचा भित्रेपणा म्हणू नये. जातीच्या अपमानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ग्रंथात घरातील पुरुषाला आरोपी करणे म्हणजे बाहेरच्या शत्रूच्या हाती कोलीत देणे, हा पेच खरा होता. मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) मध्ये हा पेच दुसऱ्या रीतीने सोडवला. प्रेमविवाह, मातृत्व आणि मारहाण त्यांनी एकाच कथनात, एकाच ‘मी’च्या तोंडून, पतीचे नाव घेऊन सांगितली. त्याची त्यांना मोजावी लागलेली किंमत हा निराळा विषय आहे.

ज्या आत्मचरित्र लिहावयास वाचल्याच नाहीत, त्यांचे काय? त्यांच्याविषयी एक महाराष्ट्रीय साक्ष उपलब्ध आहे. बेला गणात्रा, बानू कोयाजी आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे महाराष्ट्राच्या तीन जिल्ह्यांतील चारशेहून अधिक खेडी आणि सात रुग्णालये यांतील मातामृत्यूंचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९९६ चा आहे. गरोदरपणात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के मृत्यू घरगुती हिंसेमुळे झाले, असे त्यात आढळले. हा निष्कर्ष पुढे जगभर उद्धृत झाला. मराठी चर्चेत तो क्वचितच दिसतो. हे मृत्यू शोधावे लागले याचे कारण रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या व्याख्येत आहे. गरोदरपणाशी निगडित वा त्यामुळे बळावलेल्या कारणाने आलेला मृत्यू तेवढा ‘मातामृत्यू’. अपघाती आणि प्रासंगिक कारणे वगळलेली आहेत, आणि खून प्रासंगिक ठरतो. ज्या बाईला ती गरोदर आहे म्हणूनच, गर्भ कोणाचा या संशयाने वा पुन्हा मुलगीच होईल या रागाने मारले, तिचा मृत्यू तिच्या गरोदरपणाशी असंबद्ध! जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत गरोदरपणातील आणि प्रसूतीनंतरची आत्महत्या मात्र मातामृत्यूत धरण्याची शिफारस केली. त्यामागे मनोविकारशास्त्राचा सबळ विचार आहे, आणि ती योग्यच आहे. तरी लक्ष्मम्माच्या कथेचा वाचक येथे क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. स्वतः कर्ती असलेल्या स्त्रीला गणनेत जागा मिळाली. जिचा कर्ता दुसरा, ती अजून बाहेरच आहे.

लोकमानसाने या मृतांची गणना आपल्या परीने केली होती. गर्भारपणी किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत मेलेली बाई हडळ होते, ही समजूत एन्थोव्हेनच्या १९२४ च्या मुंबई इलाख्यातील लोककथासंग्रहात नोंदलेली आहे आणि मराठी मुलखात कोणालाही परकी नाही. तमिळ प्रदेशात गर्भिणी मेली तर तिच्या नावे वाटेवर ‘सुमैतांगी’ उभारण्याची चाल आहे. वाटसरूने डोक्यावरचे ओझे क्षणभर टेकवावे म्हणून बांधलेला हा दगड. जिला आपले ओझे उतरवता आले नाही तिच्या स्मरणार्थ. शेजारच्या दोन संस्कृतींनी एकाच मृत्यूला दिलेली ही दोन उत्तरे तौलनिक अभ्यासकाने समोरासमोर ठेवण्याजोगी आहेत. एकीत मृत स्त्री सेवा करते, दुसरीत सूड घेते. मला मराठी उत्तरात अधिक सत्य दिसते. हडळीला राग आहे, आणि राग असेल तर अपराधही कोणाचा तरी असला पाहिजे. परंतु तिच्या भीतीने खिळे ठोकले गेले, उतारे काढले गेले. ती कोणावर रागावली आहे याची चौकशी झाली नाही.

चौकशीची रीतच बदलली की उत्तरे बदलतात, हे अलीकडच्या पाहण्यांवरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दहा देशांतील पाहणीत गरोदरपणी मार खाल्लेल्या स्त्रियांचे प्रमाण जपानच्या शहरात १ टक्का तर पेरूच्या एका प्रांतात २८ टक्के आढळले. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) हे प्रमाण १८ ते ४९ वयाच्या, कधी तरी विवाह झालेल्या स्त्रियांत ३.१ टक्के आहे. त्याच पाहणीत कर्नाटकात पतीच्या हिंसेचा कधी तरी अनुभव आल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया ४४.४ टक्के निघाल्या. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या फेरीत त्या २०.६ टक्के होत्या. चार-पाच वर्षांत नवरे दुप्पट मारकुटे झाले असे मानण्यापेक्षा, कोणी, कोठे, कोणत्या शब्दांत विचारले आणि सांगणारीला किती धीर आला, याचा विचार अधिक फलदायी ठरेल. परक्या व्यक्तीने यादीतून वाचलेला ‘पतीने गरोदरपणी शारीरिक इजा केली का’ हा प्रश्न आणि ‘दिवस गेलेले असताना त्याने कधी हात टाकला का’ हा प्रश्न, यांचा अर्थ एकच. उत्तरे मात्र एकच येतील याची खात्री नाही.

मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. हिंसा सोसलेल्या स्त्रीसाठी रुग्णालयातच जागा असावी, हा त्यामागचा विचार. गरोदर स्त्री तपासणीसाठी रुग्णालयात पुन्हा पुन्हा येते. एरवी घराबाहेर पडू न दिल्या जाणाऱ्या स्त्रीलाही या काळात ती मुभा असते. म्हणून प्रसूतिपूर्व तपासणीची खोली ही अशा प्रश्नासाठी सर्वांत सोयीची जागा, आणि सर्वांत अवघडही, कारण सोबत सासू वा नवरा आलेला असतो आणि केसपेपरवरची माहिती पुष्कळदा तोच सांगतो. त्या सोबत्याला आधी काही निमित्ताने बाहेर बसवावे लागते. मग ‘पडले’ असे उत्तर आले, तर कोठून पडलात, तेव्हा घरात कोण होते, आणि त्याआधी काय बोलणे झाले होते, हे एकेक करून आणि घाई न करता विचारावे लागते.